जठारपेठेतला शुद्ध करडा

तुमाले सांगते, जगात सगळ्यात हरामखोर रंग कोणता असन तं तो करडा. लाल काढून दे म्हणा, डोळे मिटून काढते. हिरवा काढून दे म्हणा, चहा पितापिता काढते. पण करडा! प्रिंटरमधी तो साऱ्या रंगांच्या शायांपासून बनते, अन् त्यात एकही रंग दुसऱ्याच्या वर नाही गेला पायजे. जरासा निळा चढला की फोटोतला माणूस आजारी दिसते. जरासा पिवळा चढला की वर चहा सांडल्यावानी वाटते. अन् जरासा गुलाबी चढला की काय होते, तेच तं सांगाले बसली मी.

मी करिश्मा. अकोल्याच्या जठारपेठेत माझं फोटो छापायचं दुकान आहे. फ्लेक्स नाही करत, आधीच सांगून ठेवते. एक भाऊ पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मागाले आला होता, त्याले पायरीवरूनच वळवला. माझे बाबा, वामनराव, तिकडे अंजनगाव सुर्जीले शेवंती, झेंडू अन् भाजीपाला पिकवतात. सारं घर मातीत अन् मीच एकटी शाईत. दुकानात माझ्यासंग शालूताई असते. ती फोटो कापते, पुठ्ठ्यावर चिकटवते, अन् उरलेल्या टायमात माझी खेचते. लोक म्हणतात करिश्मा लय तापट आहे. म्हणोत बापा, मी कोणाच्या घरी जाऊन तापते का!

तं मार्चात एक दिवस जीवन आला. अमरावतीचा फोटोग्राफर. उंच, सावळा, शर्टाची एक बाही वर अन् एक खाली. पोटासाठी लग्नाचे फोटो काढते, पण जीव सारा ब्लॅक अँड व्हाइटमधी. थंडीत त्यानं गुरुकुंज मोझरीच्या सकाळच्या प्रार्थनेचे फोटो काढले होते. धुक्यात बसलेली म्हातारी माणसं, पांढरे सदरे, भगव्या टोप्या, अन् त्याच्या फोटोत त्या टोप्याही करड्या. काळा नावाले, पांढरा नावाले, बाकी नुसता करडा. मे महिन्यात अमरावतीले त्याचं पहिलं प्रदर्शन भरणार होतं.

"मॅडम," तो म्हणे, "आमच्याकडे दोन ठिकाणी छापून पायलं. एकाचं धुकं हिरवं निघालं, एकाचं जांभळं. मले धुकं धुक्यासारखं पायजे."

"धुक्यासारखंच निघन," मी म्हटलं. "नाही निघालं तं माझं नाव बदलजा."

अशी बोलून बसली! अजून फाइलही उघडून पायली नव्हती. पण तो हसला अन् माझं डोस्कं फिरलं. आता खरं सांगाले कायची लाज, मी त्याच मिनिटाले कामातून गेली. जठारपेठेत जो येईन त्याले मी भाऊ म्हणते. रिक्षावाल्याले भाऊ, बँकेच्या साहेबाले भाऊ, बाबाच्या वयाच्या माणसालेही भाऊ. त्याले मात्र माझ्या तोंडातून भाऊ निघेचना. जीवनजी निघालं. मागं शालूताईची कात्री चालता चालता थांबली.

पहिला नमुना लय साजरा निघाला. माझी पद्धत सरळ आहे. स्क्रीन नीट लावून घेते, मंग कागदाचं प्रोफाइल बनवते, म्हणजे हा कागद ही शाई कशी पिते ते कॉम्प्युटरले शिकवून ठेवते. अन् छापलेल्या करड्यावर माझी डबी ठेवते. डबी म्हणजे रंग मोजायचं मशीन, मुठीएवढं. त्याचा सोताचा दिवा असते, म्हणून बाहेर ऊन असो का अंधार, त्याले काही फरक पडत नाही. ते दोन आकडे सांगते, एक लाल-हिरव्याचा अन् एक पिवळ्या-निळ्याचा. दोन्ही शून्य आले की करडा शुद्ध. आमचे शून्यच आले. जीवन तो नमुना हातात घेऊन किती वेळ उभा राहिला. मंग म्हणे, बाकीचे फोटो निवडून एप्रिलात घेऊन येतो. तो गेल्यावर मी उगाच दुकान झाडून काढलं, दोनदा.

आता एप्रिलात अकोल्यात ऊन काय तपते, ते बाहेरच्याले सांगून समजायचं नाही. सिग्नलवर हिरव्या जाळ्या लागतात, रसवंतीवर हिरव्या जाळ्या, भाजीच्या हातगाड्यांवर हिरव्या जाळ्या. बाबा एक दिवस रोपांवरची उरलेली शेडनेट घेऊनच आले. "पोरगी भाजून निघन इथं," म्हणे, अन् दुकानासमोर अशी ताणून बांधली की काचेचं दार, पायरी, खिडकी, सारं तिच्याखाली. आत कसं गारगार वाटलं. मी बाबाले लस्सी पाजली अन् जाळीसंग फोटोही काढला.

दोन-चार दिवसांनी जीवन आला. मी फोटो छापला, पाहाते तं काय, धुकं हिरवट! स्क्रीनवर करडं अन् कागदावर हिरवट. डबी ठेवली तं डबी म्हणे, शून्य अन् शून्य.

"डबी बिघडली," मी म्हटलं. एवढ्या गरमीत माणसं बिघडतात, तं डबी काहून नाही बिघडणार? डोळ्याले ढळढळीत दिसून राहिलं ते खोटं अन् डबी खरी? अन् तिकडून जीवन माझ्याकडे पाहून राहिलेला. त्याच्यापुढे मशीनचं ऐकत बसली असती तं माझी काय इज्जत राहिली असती! मी हातानं प्रोफाइलमधला हिरवा कमी केला. छापलं. अजून कमी केला. छापलं. आला करडा! जीवन म्हणे, वा. शालूताईनं प्रिंट पाकिटात घातला अन् तो अमरावतीले गेला.

सांजच्याले त्याचा फोन. "मॅडम, हा गुलाबी आहे."

"काय?"

"धुकं गुलाबी आहे. आई म्हणून राहिली, हे सारे होळी खेळून प्रार्थनेले बसले का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा करडा अन् गुलाबी? "उद्या घेऊन या इथं," मी म्हटलं, "माझ्यासमोर बोट ठेवून दाखवा गुलाबी कुठं आहे ते!"

दुसऱ्या दिवशी तो बिचारा बसनं आला. पाकीट उघडलं, प्रिंट टेबलावर ठेवला. करडा! एकदम करडा!

"दाखवा," मी म्हटलं. "ठेवा बोट."

त्यानं डोळे चोळले. प्रिंट उलटा धरला, सुलटा धरला. "अमरावतीत गुलाबी होता," तो म्हणे.

"मंग अमरावतीतच काहीतरी गडबड असन. आमच्या अकोल्यात तं करडा आहे."

"अमरावतीच्या उजेडाले काय झालं?"

"ते तुमी अमरावतीवाल्यांनी पाहावं."

शालूताई मागून म्हणे, "जीवनभाऊ, तुमी त्याले रस्त्यानं काही खाऊ-पिऊ घालता का?" अन् आमी तिघंही असे हसलो की बाजूचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. जीवननं दोन कप चहा घेतला, पाकीट घेतलं अन् गेला. घरी पोचला अन् पुन्हा फोन. गुलाबी.

असं किती वेळा झालं ते इचारू नका. तो यायचा, पाकीट उघडायचा, करडा. घरी न्यायचा, गुलाबी. मी भांडायची, तो ऐकून घ्यायचा, मंग मी अजून भांडायची. अन् खोटं काहून बोलू, मले तो गुलाबी आवडाले लागला होता. त्याच्याच पायी तं तो येत होता! तो येणार म्हटलं की मी सकाळपासून तीन वेळा केस बांधायची. शालूताई म्हणायची, "आज पुन्हा गुलाबी आहे वाटते," अन् माझ्या तोंडाकडे पाहायची, प्रिंटकडे नाही.

पण एक दिवस तो आला अन् बसलाच नाही. उभ्याउभ्याच म्हणे, "मॅडम, रविवारी प्रदर्शन आहे. आता नाही जमलं तं मले नागपूरच्या लॅबले द्यावं लागन. माझा इलाज नाही."

"द्या ना मंग," मी म्हटलं. "तुमाले कोणी बांधून ठेवलं का?"

तो गेला अन् मी खुर्चीत बसली ती बसलीच. डोळ्यात पाणी यायचं ते येऊ दिलं नाही, शालूताई पाहून राहिली होती ना. सरळ होतं सारं. करडा नाही साधला तं तो नागपूरले जाणार. अन् साधला तं फोटो घेऊन अमरावतीले जाणार. त्याले पुन्हा जठारपेठेत यायचं कारण कोणतंच उरत नव्हतं. एवढा एक माणूस मले पायजे होता अन् मी त्याले सांगतलं काय, तं द्या म्हणे नागपूरले. अशी भैताड बाई पायली का तुमी कुठी?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आले. अंजनगावहून काकड्या अन् मोगरा घेऊन. दारातून आत आले, "ऊन का काय हे," म्हणत खुर्चीवर बसले, अन् मी त्यांच्याकडे पाहून किंचाळलीच.

"बाबा, तुमचा सदरा हिरवा काहून?"

बाबानं सदऱ्याकडे पायलं. "पांढरा आहे व माय. काल तं आईनं नीळ घातली."

"उठा. बाहेर जा."

"आत्ताच तं आलो."

"जा म्हटलं ना! रस्त्यावर उभे राहा!"

बाबा उठले, जाळीच्या बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले. सदरा पांढरा शुभ्र. "आत या!" आत आले. हिरवट. "बाहेर जा!" पांढरा. "या!" हिरवट. "जा!" बाबा बिचारे खांद्यावर दुपट्टा, हातात काकडी, आतबाहेर करून राहिले अन् मी पायरीवर टाळ्या वाजवून राहिली. झेरॉक्सवाला म्हणे, वामनकाकाले काय शिक्षा देली का? बाबा म्हणे, "पोरीले ऊन लागलं रे, लिंबूपाणी आण."

ऊन नव्हतं लागलं. जाळी लागली होती! उजेडच हिरवा येत होता आत. म्हणून पांढराही हिरवट अन् करडाही हिरवट, अन् मी शहाणी त्यातला हिरवा काढत बसली. उरला तो गुलाबी. जाळीखाली तो गुलाबी झाकून जायचा अन् अमरावतीच्या साध्या उजेडात उघडा पडायचा. डबी पहिल्या दिवसापासून खरं सांगून राहिली होती. मी डबीची हात जोडून माफी मागितली. खरंच मागितली, शालूताई साक्षीले आहे.

मंग कात्री घेतली अन् जाळीच्या दोऱ्या कापून टाकल्या. "अवं माझी जाळी!" बाबा ओरडले. "बाबा, तुमाले दुसरी घेऊन देईन, सोन्याची घेऊन देईन!" मी त्यांचे दोन्ही गाल धरले. हाताची सारी कारागिरी प्रोफाइलमधून पुसून टाकली, डबीनं मोजून दिलेलं मूळ प्रोफाइल परत लावलं अन् मोझरीचं धुकं छापलं. डबी ठेवली. शून्य. शून्य. प्रिंट घेऊन भर उन्हात रस्त्यावर धावली. करडा! झेरॉक्सच्या दुकानात नेला, करडा. औषधाच्या दुकानात नेला, करडा. हिरवी जाळी बांधलेल्या रसवंतीकडे मात्र गेली नाही. त्या धुक्यातल्या आज्या-आजोबांच्या टोप्या, पापण्या, श्वासाची वाफ, सारं सारं करडं, अन् कुठंच कोणता रंग नाही. मी रस्त्यातच नाचली. दोन गाड्यांनी हॉर्न मारला.

दुकानात परत आली अन् प्रिंट टेबलावर ठेवला. झालं की काम. आता तो येईन, घेईन, जाईन.

तेव्हा मनात आलं, जरासा गुलाबी ठेवू का? अगदी जरासा, नखाएवढा? एक खेप अजून होईन त्याची. माउसवर हात ठेवून बसली मी. पण नाही जमलं बाप्पा. त्या म्हाताऱ्यांच्या तोंडाले मी आपल्या हातानं रंग फासू? तो नेते तं नेऊ दे, पण करडा तो करडाच जाईन. मी फोन लावला अन् एवढंच म्हटलं, "या. झाला."

तो दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. शून्य आले ते नाही सांगतलं, जाळीचंही नाही. आपल्या डोळ्यानं पाहू दे. त्याच्या हातात प्रिंट दिला. त्यानं तो पायरीवर नेला, चांगल्या उजेडात धरला अन् पाहात राहिला. लय वेळ पाहात राहिला. मले वाटलं, आता म्हणते वा.

"जरासा निळा वाटून राहिला," तो म्हणे.

"निळा?"

"जरासाच."

माझ्या कानातून वाफ निघाली. शून्य अन् शून्य, अन् हा म्हणते निळा! तोंडावर फेकून मारणार होती. पण म्हटलं, थांब बेट्या. "बसा," मी म्हटलं, "पुन्हा काढते." प्रिंट घेतला, मागं प्रिंटरपाशी गेली, प्रिंटरची साफसफाई चालू केली. तो घर्रघर्र आवाज करते, तेवढं पुरे. अन् तोच प्रिंट, तोच, वाऱ्यावर जरा हलवून परत आणला.

"घ्या. आता?"

त्यानं पुन्हा उजेडात धरला, मान वाकडी केली. "आता पिवळ्याकडे गेला थोडा."

शालूताईच्या हातातली कात्री खाली पडली. ती उचलाले वाकली ती वरच येईना. मी प्रिंट ओढून घेतला, प्रिंटरमागं गेली अन् तोंडावर हात दाबून धरला. त्याले दिसून राहिलं होतं! ज्या माणसाले अमरावतीतला नखाएवढा गुलाबी दिसते, त्याले हा शुद्ध करडा नाही दिसणार? तो खोटं बोलून राहिला होता! घडघडीत खोटं! माय व, मले एवढा आनंद झाला की मी प्रिंटरच्या झाकणालेच मिठी मारली. मंग पदर नीट केला, तोंड रागीट केलं अन् तोच कागद घेऊन परत आली.

"आता?"

"आता..." तो कागदाकडे पाहातच नव्हता. "आता हिरवट."

"जीवन," मी म्हटलं, अन् जी राहूनच गेलं, "हा तोच कागद आहे."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तोच आहे ते. असा करडा एवढ्या घाईत तीन वेळा कोणाच्यानं निघत नाही. तुझ्याच्यानंही नाही."

"मंग निळा काहून म्हटला?"

"चांगला म्हटलं असतं तं तू पाकिटात घालून दिला असता." त्याचे कान लाल झाले होते. "अन् मंग मी काय निमित्त काढून आलो असतो?"

"अन् नागपूर?"

"नागपूरच्या लॅबचा मले नंबरही माहीत नाही."

मले हसूही आलं अन् रडूही आलं, अन् दोन्ही दाबाले गेली तं रागच बाहेर पडला. "मंग असेच रंग काढत बसणार होता का? रविवारी प्रदर्शन आहे, भिंतीवर काय तुझी बाही टांगणार होता?"

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत म्हणे, "तुझं छापायचं मशीन अमरावतीले नाही का येत?"

"नाही येत!" मी टेबलावर हात मारला. "मशीन जरा हललं की त्याचं सारं बिघडते, पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागते. अन् मी जठारपेठ सोडत नाही, कोणासाठी नाही सोडत, आधीच सांगून ठेवते. यायचं असन तं तू ये इकडे."

"हाव."

"काय हाव?"

"मघाशी येताना पाहून आलो एक खोली, मागच्या गल्लीत. उत्तरेकडे मोठी खिडकी आहे, उजेड मस्त येते." मंग पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे सरळ पायलं. "नळ चार दिवसाआड येते म्हणे मालकीण. तेवढं पाणी दोघांले पुरन का, ते तू पाहून सांग."

मी बाकीचे सारे फोटो प्रिंटरले लावून दिले, शालूताईले म्हटलं लक्ष ठेवजो, अन् चपला घालून त्याच्यासंग निघाली. गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर समजलं, एक माझी होती अन् एक शालूताईची.